डाव्या डोळ्याची साक्ष

२ मार्च

बारके,

'प्रिय' लिहावं की नाही यावर दोन दिवस गेले. लिहिलं तर तू म्हणशील, सात वर्षांनी कुठून उतू चालली ही माया. नाही लिहिलं तर म्हणशील, अजून फुगलेलाच आहे. तेव्हा नुसतं 'बारके'. साठीला टेकलेल्या बाईला या नावाने हाक मारणारा जगात मी एकटाच उरलोय, तेवढा हक्क राहू दे.

पत्राला तसं काही कारण नाही. (हे वाक्य तुझ्या वहिनीने मागे उभं राहून वाचलं आणि 'हं' म्हणून ती स्वयंपाकघरात निघून गेली. त्या 'हं'कडे तू लक्ष देऊ नकोस.) झालंय असं की गेल्या मंगळवारी माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. घाबरण्यासारखं काही नाही, वीस मिनिटांचं काम. डॉक्टरांनी दुकानात बसायला परवानगी दिलीय, पण वाकायचं नाही, जड उचलायचं नाही आणि काळा चष्मा काढायचा नाही. चष्म्याच्या दुकानाचा मालकच काळा चष्मा लावून काउंटरमागे बसलेला दिसला की गिऱ्हाईक दारातूनच मागे फिरतं. काल एक आजोबा आत आले, मला हाताला धरून उठवलं आणि रस्ता ओलांडून द्यायला लागले. मी पलीकडे जाऊन परत आलो. त्यांचं मन कशाला मोडा.

एक गंमत सांगायची राहिली. पट्टी काढली तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, 'कसं वाटतंय?' मी म्हटलं, 'तुमच्या दवाखान्याला रंग कधी दिलात?' ते म्हणाले, 'भिंती पहिल्यापासून पांढऱ्याच आहेत.' घरी आलो तर आपली खोलीसुद्धा पांढरी. मी तिला बदामी समजत होतो. आणि तुझ्या वहिनीने आठ वर्षांपूर्वी विणून दिलेला माझा राखाडी स्वेटर आहे ना, तो निळा आहे. मी तिला विचारलं, 'अगं, हा रंगवून कधी आणलास?' ती म्हणाली, 'अहो, तो निळाच होता. तुम्ही राखाडी म्हणायचात, मला वाटायचं चेष्टा करताय.' आठ वर्षं ती मला विनोदी माणूस समजत होती. आता तोही मान गेला.

बाकी ठीक. किडे पकडायच्या तुझ्या जाळीची लांब काठी अजून माझ्याकडेच पडून आहे. हवी असेल तर कळव.

उत्तराची घाई नाही. म्हणजे आहे, पण नाही.

दादा

ता. क. टाकीवर यंदा टाचण्या लवकर आल्यात म्हणे.

१६ मार्च

बारके,

तुझं उत्तर आलं नाही. पत्रही परत आलं नाही, त्याअर्थी ते पोचलं. चला, एवढं तरी कळलं.

काळा चष्मा परवा सुटला आणि मी सकाळी सकाळी धुलाई कारखान्यामागच्या टाकीवर गेलो. टाकी तशीच आहे. तोच फुटका कठडा, कडेला तीच लव्हाळी, आणि खिडक्यांमधून येणारा साबणाच्या वाफेचा तोच वास. फक्त चौकीदार नवा. त्याने विचारलं, 'साहेब, मासे का?' मी म्हटलं, 'नाही, टाचण्या.' तो बिचारा वाकून जमिनीवर शोधायला लागला. मग त्याला नीट सांगितलं. चतुर माहीत आहे ना, पंख पसरून बसतो तो? टाचणी म्हणजे त्याची सडपातळ बहीण, बसली की पंख पाठीवर मिटून घेते. या टाकीवर तिची एकच जात आहे की दोन, यावरून एका घरात सात वर्षं बोलणं बंद आहे. सगळं त्याला पटलं, हे शेवटचं पटलं नाही. म्हणाला, 'जमिनीवरून असेल साहेब. किड्यावरून कोण भांडतं?'

अर्ध्या तासाने एक नर समोरच्या लव्हाळ्यावर येऊन बसला. मी उजव्या डोळ्याने बघितलं. अंग मातकट, आणि शेपटीच्या टोकाजवळ, नेमक्या नवव्या पेरावर, निळा. गॅसच्या ज्योतीचा असतो तसा. मग उजवा डोळा मिटला आणि डाव्याने बघितलं. निळा गेला. अंग मातकट, टोक मातकट, सगळं एकाच चहात बुडवून काढल्यासारखं. उजवा उघडला की निळशेपटी, डावा उघडला की साधी मातकट टाचणी. किडा जागचा हलला नव्हता. त्याची जात माझ्या नाकाच्या दोन बाजूंना बदलत होती.

खात्री करायला मी हे वीस-पंचवीस वेळा केलं. कठड्यापलीकडे कारखान्यातल्या बायका चादरी वाळत घालत होत्या, हे माझ्या लक्षातच आलं नाही. थोड्या वेळाने चौकीदार घसा खाकरत आला. 'साहेब, तिकडून तक्रार आहे, तुम्ही डोळा मारताय.' मी म्हटलं, 'अरे, एक नाही, दोन्ही डोळे आळीपाळीने मारतोय, शास्त्रासाठी.' यावर त्याने मला फाटकापर्यंत पोचवलं आणि कडी लावून घेतली. तुझ्या वहिनीला हे सांगितलं तर तिला हसू आवरेना. हसता हसता तिने डोळे पुसले आणि म्हणाली, 'हे आधी बारकीला कळवा.' म्हणून कळवतोय.

यावरून मी कोणताही निष्कर्ष काढत नाही. फक्त नोंद पाठवतोय. तुझं तटस्थ मत कळव.

दादा

ता. क. मोतीबिंदू पिकायला लागला की भिंग पिवळं पडतं आणि निळा रंग सगळ्यात आधी हरवतो. हे मी तीस वर्षं गिऱ्हाइकांना समजावून सांगत आलोय. स्वतःचे डोळे मी दर सहा महिन्यांनी तपासायचो, तक्त्यावर शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचो. पण तक्त्यावरची अक्षरं काळी असतात.

२७ मार्च

बारके,

तुझं कार्ड आलं. सात वर्षांनंतर तीन शब्द. 'चिमटा बघितलास का?' खाली सहीसुद्धा नाही.

तरी अक्षर बघून जीव सुखावला. नकाशांवर खेड्यापाड्यांची नावं लिहून लिहून कमावलेलं तुझं ते मुंगीएवढं अक्षर. वहिनीने कार्ड फ्रीजवर लावलंय. येणारा-जाणारा विचारतो, कसला चिमटा? ती सांगते, 'घरगुती आहे.'

या तीन शब्दांना मी आधी दोन पानांचं उत्तर लिहिलं होतं. त्यात प्रकाश, कोन, किड्याचं वय, सगळं आलं होतं. नको तेवढं फाडून टाकलं, तर काहीच उरलं नाही. तेव्हा आता सरळ सांगतो.

आपल्या किडेमंडळाची ती सभा तुला आठवतेय, मलाही आठवतेय. शाळेची प्रयोगशाळा, अकरा माणसं. टाकीवर सापडलेली तुझी टाचणी सुईवर टोचून तू पुढे ठेवलीस. मेली की टाचणीचा निळा उडून जातो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून तू म्हणालीस, रंगाचं सोडा, नराच्या शेपटीच्या टोकाशी चिमटा असतो, ज्याने तो मादीची मान धरतो, तो बघा. मातकट टाचणीचा सरळ, निळशेपटीचा आत वळलेला. मग माझ्याकडे वळून तू विचारलंस, 'दादा, चिमटा बघितलास का?' आणि मी सगळ्यांदेखत म्हणालो, 'बघितला. सरळ आहे. तुला निळं दिसलं, कारण तुला ते दिसायला हवं होतं.'

मी चिमटा बघितला नव्हता. तू आदल्या दिवशी डबा दुकानात ठेवून गेली होतीस, आणि मी त्याचं झाकणही उघडलं नव्हतं.

डोळ्यांचा दोष मोतीबिंदूवर ढकलता येईल. पण माझ्या तोंडाला काही मोतीबिंदू झाला नव्हता. टाकीवर मला निळं दिसलं नाही, हे खरं. मग 'मला दिसत नाही, तिला दिसतं' एवढंच म्हणायचं होतं. पण मी चष्मेवाला, अख्ख्या गावाची नजर तपासणारा. मला दिसत नाही आणि धाकट्या बहिणीला दिसतं, हे चारचौघांत म्हणायला जीभ रेटेना. तू डबा टेबलावर सोडून निघून गेलीस. मला वाटलं, दोन दिवसांत फोन करेल. तुला वाटलं असेल, दोन दिवसांत करेल.

याहून वाईट अजून आहे, तेही एकदाचं सांगून टाकतो. घरी आल्यावर मी सुईवरची तुझी चिठ्ठी काढली. आपल्या कामात पाप म्हणून काही असेल तर ते हेच. ज्याने किडा ओळखला त्याची चिठ्ठी सुईवर राहते. दुसऱ्याला पटलं नाही तर त्याने आपली चिठ्ठी तिच्याखाली टोचायची, पहिलीला हात लावायचा नाही. चुकीची असली तरी ती तिथेच राहते. तू सात वर्षांची होतीस तेव्हा चपलांच्या खोक्यात आपण पहिला भुंगा टोचला, त्या दिवशी हा नियम मीच तुला शिकवला होता. आणि मीच तुझी चिठ्ठी काढून माझी लावली: 'मातकट टाचणी, नर. ओळखली: दादा.'

तुझी फाडली नाही. हात धजला नाही. दुकानात चष्म्याच्या काड्यांचे बारीक स्क्रू ठेवायची डबी आहे, त्यात टाकली. गेली सात वर्षं स्क्रू काढायला गेलं की आधी तुझं अक्षर दिसतं. गिऱ्हाइकं म्हणतात, एक स्क्रू बसवायला किती वेळ लावता! त्यांना काय सांगू?

काल डबा काढला. दुकानातलं भिंग लावून चिमटा बघितला. आत वळलेला आहे, अगदी ठसठशीत. मग डाव्या डोळ्यानेही बघितला. डाव्यानेही दिसतो. म्हणजे तेव्हाही दिसला असता.

मी चुकलो, बारके. त्याआधी खोटं बोललो. मला तुझी आठवण येते. त्या दिवशी टाकीवर निळा दिसला तसा सांगायला शेजारी वळलो, आणि शेजारी लव्हाळी होती.

दादा

९ एप्रिल

बारके,

तुझं पत्र आलं! पाठपोट! वहिनीने ते आधी स्वतः वाचलं, मग मला मोठ्याने वाचून दाखवलं, आणि जिथे तू मला खोटारडा म्हटलंयस तिथे जरा जास्तच जोर दिला. तो शब्द चार वेळा आलाय. पहिले तीन निमूटपणे गिळले. चौथ्या वेळी तू 'खोटारडा दादा' लिहिलंयस, तिथे मला बरं वाटलं, कारण दादा आला.

तुझी अट मान्य होती आणि पुरीही झाली. 'चारचौघांत बोललास ते चारचौघांतच मागे घे,' असं तू लिहिलंस. शनिवारी मंडळाची सभा होती. आता आम्ही सातच उरलोत. मी उभा राहिलो आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. न बघितलेला चिमटा, काढलेली चिठ्ठी, सगळं. बोलून झाल्यावर चिटणीसबाई म्हणाल्या, 'कुठली टाचणी?' कोणालाच काही आठवत नव्हतं! सात वर्षं मी ज्यांच्यासमोर मान वर करायला लाजत होतो, त्यांना तो दिवसच आठवत नव्हता. एकटे पोस्टमनकाका तेवढे म्हणाले, 'बाई रडत जिन्यावरून उतरल्या होत्या. मी त्यांची छत्री द्यायला मागे गेलो होतो.' हे मला माहीत नव्हतं. मी खाली बसलो तो सभा संपेपर्यंत उठलो नाही.

असो. टाकीच्या यादीत आता लिहिलं गेलंय, 'निळशेपटी टाचणी: पहिली नोंद, बारकी.' चिटणीसबाईंनी खरं नाव विचारलं. मी म्हटलं, यादीत हेच पाहिजे.

तुझी चिठ्ठी स्क्रूंच्या डबीतून काढून सुईवर परत लावली. वरची जागा तिचीच, म्हणून ती वर. माझी तिच्याखाली. ती काढून टाकायची फार इच्छा होती, पण नियम म्हणजे नियम. चुकीचीही राहते.

तुझ्या कचेरीतल्या पोरांचं वाचून मात्र मला राग आला. अजून हाताने नकाशे रंगवणारी तुम्ही शेवटची माणसं, आणि कालची पोरं तुला सांगणार, 'मॅडम, तुमच्या नद्या फार गडद येतात'? नद्या कशा रंगवायच्या हे तुला कोणी शिकवायचं? त्यांना म्हणावं, आधी डोळे तपासून घ्या, माझा भाऊ फुकट तपासून देईल. अजिबात ऐकू नकोस त्यांचं.

आता महत्त्वाचं. माझ्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात होतं. मी ते पुढे ढकललंय. डॉक्टरांनी कारण विचारलं. मी म्हटलं, 'तो डोळा पुरावा आहे, माझ्या बहिणीने बघितल्याशिवाय त्याला हात लावू देणार नाही.' ते म्हणाले, 'तुमचा डोळा बहिणीला आतून कसा बघता येईल?' प्रश्न बिनतोड होता, पण मी हटलो नाही. मला तुझ्यासमोर कठड्यावर उभं राहून, एक डोळा मिटून, 'निळी आहे' म्हणायचंय. मग दुसरा मिटून सांगायचंय की सात वर्षांपूर्वी मला काय दिसलं होतं. हे पत्रात होत नाही.

टाचण्या एप्रिलअखेरपर्यंत आहेत. मग पुढच्या वर्षीच. तू ये ना, बारके. मागच्या खोलीत तुझा पलंग आहे. काठीला नवी जाळी शिवून घेतलीय.

तुझा दादा

(डाव्या डोळ्यासह)

३० एप्रिल

प्रिय बारके,

(या वेळी लिहायला दोन सेकंदसुद्धा लागले नाहीत.)

तू इथून परवा गेलीस, आणि इथे काय घडलं ते तुला पुन्हा कशाला सांगायचं, हे मला कळतं. पण काल तू वहिनीला फोनवर जी कहाणी ऐकवलीस, ती मी शेजारून ऐकली. त्यात मीठमसाला फार आहे. तेव्हा खरं काय ते लेखी असलेलं बरं.

शनिवारी तू बसमधून उतरलीस आणि मला बघून म्हणालीस, 'म्हातारा झालास.' मी म्हटलं, 'तूही.' आपण दोघंही जरा रडलो. फोनवर तू म्हणालीस की एकटा मीच रडलो. दोघंही.

रविवारी सकाळी टाकीवर गेलो. चौकीदाराने मला ओळखलं आणि तुला विचारलं, 'बाई, तुम्ही यांच्याबरोबर आहात ना? मग ठीक आहे.' निळशेपटी पाचव्या मिनिटाला आली, माझ्या हातापासून वीतभर अंतरावर बसली. मी ठरवल्याप्रमाणे डावा डोळा मिटला, छाती भरून श्वास घेतला आणि म्हणालो, 'निळी आहे.'

तू पुढे वाकलीस. बराच वेळ बघितलंस. मग म्हणालीस, 'ही मातकट आहे.'

'अगं निळी आहे. नववं पेर बघ.'

'तेच बघतेय. मातकट आहे.'

'बारके, निळीशार आहे!'

'दादा, मला गोड बोलून गुंडाळू नकोस.' तुझा आवाज चढला होता, हे तू फोनवर सांगितलं नाहीस. 'निळीला निळी म्हण, एवढंच मला हवं होतं. त्यासाठी मी सात वर्षं थांबले. आणि आता तू माझी समजूत काढायला मातकटलाच निळी म्हणतोयस? याच्यापेक्षा तेव्हाचं खोटं परवडलं.'

तू पिशवी खांद्याला लावून निघालीससुद्धा. सात वर्षांपूर्वीचं भांडण, तीच टाकी, तोच किडा, फक्त माणसं बाजू बदलून उभी. तू फाटकाजवळ पोचलीस तेव्हा मला सुचलं. मी ओरडलो, 'बारके! चिमटा बघितलास का?'

तू थांबलीस. चौकीदारही थांबला.

तू परत आलीस, माझ्या हातातून जाळी हिसकावलीस, आणि एका झटक्यात नर पकडलास. हात अजून तसाच आहे तुझा. पंख दोन बोटांत धरून भिंग डोळ्याला लावलंस. खूप वेळाने तू अगदी बारीक आवाजात म्हणालीस, 'आत वळलाय.' मग बोटं सोडलीस. तो उडून गेला, आणि तू कठड्यावर बसून मला विचारलंस, 'मग निळा कुठे गेला, दादा?' लहानपणी एकदा तुझा भुंगा हातातून उडाला होता, तेव्हा असंच विचारलं होतंस.

तू एक डोळा मिटलास, मग दुसरा, मग परत पहिला. दोन्हींकडून मातकट. कठड्यापलीकडे चादरी वाळत घालणाऱ्या बायका थांबून बघायला लागल्या. चौकीदाराने कपाळाला हात लावला. 'आता बाईसुद्धा?'

आणि मग तू एकदम म्हणालीस, 'नद्या.' मी म्हटलं, 'काय?' तू म्हणालीस, 'माझ्या नद्या. पोरं बरोबर म्हणत होती. मला निळा फिका वाटायचा, म्हणून मी अजून एक हात द्यायची.' यावर तू हसायला लागलीस ते थांबेचनास, आणि मीही. लाजेने तोंड लपवायचं ते मी लपवायला हवं. तू पत्रात मला नद्यांचं स्वच्छ लिहिलं होतंस. कोणत्याही चष्मेवाल्याने ते वाचून लगेच ताडलं असतं. मी काय केलं? पोरांनाच डोळे तपासून घ्यायला सांगितलं! भावाच्या मायेने आंधळा झालो म्हणायचं, दुसरं काय.

दुकान उघडून तुला खुर्चीत बसवलं. समोर काचा फिरवत 'आता स्पष्ट की आधी?' हा प्रश्न मी हजारो लोकांना विचारला असेल, पण तुला पहिल्यांदाच. बाहुलीवर टॉर्च मारला, तर दोन्ही डोळ्यांत तेच पिवळट धुकं. घराण्याची देणगी आहे, आजीपासून चालत आलेली. डॉक्टरांनी सोमवारी बघून सांगितलं, मेमध्ये तुझा उजवा आणि माझा डावा एकाच सकाळी करून टाकू. म्हणाले, 'तुमच्याकडे अजून कोणी आहे का, म्हणजे सगळ्यांचं एकदमच उरकतो.'

तेव्हा रजा टाक आणि बाराच्या बसने ये. वहिनी म्हणते, दोघांना काळे चष्मे लावून दुकानात शेजारी शेजारी बसवीन आणि ज्याला कोणाला रस्ता ओलांडून द्यायचाय त्याच्या स्वाधीन करीन. टाचण्या तोवर संपतील. पुढच्या मार्चमध्ये चार नव्या डोळ्यांनी बघू. कचेरीत पोरांची माफी मागितलीस का? माझ्या वतीनेही माग.

हे पत्र इथेच संपत होतं. पण आज दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं म्हणून घरून आणलेला डबा उघडला. कशाला उघडला सांगता येत नाही. सुईवर दोन चिठ्ठ्या होत्या, तुझी आणि तिच्याखाली माझी. आज तीन आहेत. तिसरी कधी लावलीस? वहिनी म्हणते, सोमवारी मी आंघोळीला गेलो होतो तेव्हा तू तिच्याकडे कात्री मागितली होतीस.

अक्षर नेहमीपेक्षा मोठं आलंय. आता कळतंय का ते. तरी मी भिंग लावलं आणि वाचलं:

'निळशेपटी, नर. २६ एप्रिलला टाकीवर पुन्हा पाहिली. मला निळं दिसलं नाही. दादाला दिसलं. ओळखली: दादा.'

मी दुकान लवकर बंद केलं आणि घरी आलो.

वाट बघतोय.

दादा